बोटे हलतात, म्हणून हाड शाबूत आहे असे नाही

आपण एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहात. सातवीतला एक मुलगा खो-खो खेळताना मागे पडला आणि पडता पडता त्याने तळहात जमिनीवर टेकवला. मनगटाशी सूज आली, पण बोटे हलत होती, म्हणून ‘मुकामार आहे’ असे ठरवून गावातल्या एका जाणत्या माणसाने तेल लावून हात चोळून दिला. तिसऱ्या दिवशीही दुखणे थांबेना म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा मनगटाजवळचे हाड मोडलेले निघाले. हाड मोडल्याचे कसे ओळखावे, ग्रामीण रुग्णालय बावीस किलोमीटरवर असताना तोवर काय करावे आणि त्या चोळण्याने मुलाचा हात वाकडा राहील का, असे आपले तीन प्रश्न आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे प्रश्न मला जवळजवळ रोज भेटतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी बोटांविषयी. बोटे वळवणारे आणि सरळ करणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे जाऊन बोटांना जोडलेल्या असतात. मनगटाचे हाड मोडले तरी या दोऱ्या बहुधा शाबूत राहतात, त्यामुळे दुखत असले तरी मूल बोटे हलवून दाखवते. पायाचेही तसेच आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड शरीराचा फारच थोडा भार वाहते, त्यामुळे ते मोडूनही माणूस लंगडत चालू शकतो. माझ्याकडे एक आजी काठी टेकत स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या होत्या आणि ‘जांघेत जरा दुखते’ एवढीच त्यांची तक्रार होती. एक्स-रेमध्ये खुब्याच्या हाडाची मान मोडलेली होती, पण मोडलेली टोके एकमेकांत घट्ट रुतून बसल्यामुळे पाय भार घेत होता. ती टोके सुटली असती तर त्याच आजी स्ट्रेचरवरून आल्या असत्या.

तेव्हा हालचाल होते किंवा चालता येते यावरून हाड शाबूत असल्याचा निर्वाळा देऊ नये. मुळात तो निर्वाळा देणे हे प्रथमोपचार करणाऱ्याचे कामच नाही. मीसुद्धा कित्येकदा एक्स-रे पाहिल्याशिवाय खात्रीने सांगू शकत नाही, मग मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाने ते सांगावे अशी अपेक्षा कोणी का करावी? आपण फक्त शंका घ्यायला शिकावे, आणि शंका आली की हाड मोडले आहे असेच धरून पुढचे सारे करावे. शंका खोटी ठरली तर एक पुठ्ठा आणि अर्धा दिवस खर्ची पडतो, पण खरी असताना दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत मूल मोजते.

शंका घेण्याचीही एक रीत आहे. प्रथम कसा पडलास, कुठे आदळलास आणि ‘कट्’ असा आवाज झाला का, हे विचारावे. पुष्कळ रुग्णांना तो आवाज जाणवलेला असतो. मग दुखरा हात किंवा पाय दुसऱ्या बाजूच्या चांगल्या अवयवाशेजारी ठेवून पाहावा. नुसत्या एका मनगटाकडे पाहून लक्षात न येणारा बाक दोन्ही मनगटे जवळजवळ दिसली की चटकन डोळ्यांत भरतो. सूज, काळानिळा डाग, अवयव आखूड झालेला किंवा नको तिथे वळलेला दिसणे या खुणा सर्वांना ठाऊक असतात. त्यांपेक्षा अधिक उपयोगी खूण म्हणजे एका ठिकाणचे नेमके दुखणे. दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करून एकाच बोटाने हाडावरून हलकेच दाबत जावे. मुकामार किंवा मुरगळ असेल तर सुजलेला सगळा भाग ठणकतो. हाड मोडले असेल तर एका विशिष्ट जागी बोट पोहोचताच मूल हात झटक्याने मागे घेते. ती जागा सापडली की तपासणी तिथेच थांबवावी. मोडलेली टोके एकमेकांवर घासल्याचा करकर आवाज येतो असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे, परंतु तो मुद्दाम काढून पाहणे म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या आणि नसांवर करवत चालवण्यासारखे आहे.

घोट्यासाठी मात्र डॉक्टर वापरतात तो एक नियम आपणही लक्षात ठेवू शकता. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये तो मांडला. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, शेवटच्या सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा पडल्यानंतर लगेच आणि तपासतानाही लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे टेंगूळ हाताला लागते तिथे, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या माथ्यावर हाड दुखत असेल, तरीही काढावा. यांपैकी काहीच नसेल तर मोठ्या माणसाच्या बाबतीत ते बहुधा मुरगळणेच असते. लहान मुलांना हा नियम जसाच्या तसा लावू नये, कारण मुलांची अस्थिबंधने, म्हणजे सांध्यातली हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, हाडाच्या वाढीच्या कूर्चेपेक्षा, म्हणजे हाडाच्या टोकाशी जिथून ते वाढते त्या मऊ थरापेक्षा, मजबूत असतात. मोठ्या माणसाचे जिथे अस्थिबंधन ताणले जाते, तिथे मुलाची कूर्चा तुटते. म्हणून शाळकरी मुलाच्या सांध्याजवळ सूज आली आणि तो हात वा पाय वापरायचे टाळू लागला, तर ‘लचक भरली’ हे उत्तर शेवटी ठेवावे. लहान मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. ते पुष्कळदा एका बाजूने फाटते, दुसऱ्या बाजूने नुसते वाकते, आणि वरून काहीच दिसत नाही.

आणखी तीन ठिकाणे अशी आहेत की तिथे चांगलेचांगले फसतात. तळहातावर पडल्यानंतर अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, त्यात दाबून दुखत असेल तर मनगटातील एक छोटे हाड मोडल्याचा संशय घ्यावा, मग पहिला एक्स-रे ‘नॉर्मल’ का येईना. असा एक्स-रे दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. दुसरे ठिकाण म्हणजे टाच. आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून अथवा बांधकामाच्या परांचीवरून माणूस टाचांवर उभा आपटला की सगळ्यांचे लक्ष सुजलेल्या टाचांकडे जाते, पण तो धक्का वर चढत कंबरेच्या मणक्यापर्यंत गेलेला असतो. टाचेचे हाड मोडलेल्या साधारण दहांतल्या एकाला मणक्याचेही फ्रॅक्चर असते. त्याला ‘उठून बघ’ म्हणू नये. तिसरे ठिकाण वर सांगितलेच, वृद्धांचा खुबा. पडल्यानंतर पाय आखूड वाटतो आणि चवडा बाहेरच्या बाजूला लोळलेला असतो. हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

आता काय करावे ते सांगतो. हाडाचा नंबर पहिला नसतो. माणूस शुद्धीवर आहे ना, श्वास नीट चालू आहे ना आणि कुठून रक्त वाहते आहे का, हे आधी पाहून घ्यावे, कारण वाकड्या पायाकडे सर्वांची नजर खिळते आणि घशात अडकलेल्या रक्ताकडे कोणाचेच लक्ष जात नाही. त्याच वेळी कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू असून ती विनामूल्य आहे. फोन करणाऱ्याने गावाचे नाव, ओळखता येईल अशी खूण आणि नेमके काय झाले आहे हे सांगावे. नुसते ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवला तर ड्रायव्हरला पुन्हा फोन करून विचारत बसावे लागते.

कातडी फाटून जखम झाली असेल, आणि विशेषतः त्यातून हाड डोकावत असेल, तर ते आत ढकलू नये. मोबाइलवर जखमेचा एक फोटो काढावा आणि मग स्वच्छ धुतलेल्या कापडाने ती झाकावी. हा फोटो आम्हाला फार उपयोगी पडतो, कारण तो पाहिल्यावर प्रत्येक टप्प्यावर पट्टी सोडून जखम उघडी करावी लागत नाही. रक्त वाहत असेल तर हाडाच्या टोकावर न दाबता त्याच्या भोवतालच्या भागावर कापडाची घडी दाबून धरावी. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट, पाल्याचा रस यांपैकी काहीही आत भरू नये. हळदीवर माझा राग नाही, पण अशा जखमेतून हळदीचा गोळा खरवडून काढण्यात ऑपरेशन टेबलावर बराच वेळ जातो, आणि जखम स्वच्छ करणे हाच या उपचाराचा गाभा असतो. उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक जितके लवकर मिळेल तितके चांगले, म्हणून इथे उशीर परवडत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते हेही विचारून ठेवावे.

यानंतर अवयव स्थिर करणे. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मनगट किंवा कोपराखालचा हात असेल तर पाच-सहा वर्तमानपत्रे एकत्र घेऊन त्यांची लांब, जाड घडी करावी आणि ती पन्हाळीसारखी वळवून हात तिच्यात अलगद ठेवावा. घडी कोपराच्या मागून निघून तळहाताच्या मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे, कारण मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे थांबल्याशिवाय मधले हाड थांबत नाही. हात आणि कागद यांच्या मधल्या पोकळीत रुमाल किंवा पायमोजे भरावेत. मग ओढणीच्या किंवा पंच्याच्या पट्ट्यांनी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली बांधावे, मोडलेल्या जागेवर गाठ येऊ देऊ नये. बोटांची टोके उघडी ठेवावीत. शेवटी ओढणीची झोळी करून हात छातीशी घ्यावा, मनगट कोपरापेक्षा किंचित उंच राहील असे पाहावे. हात ज्या स्थितीत सापडला त्याच स्थितीत हे सारे करायचे आहे. वाकडा असेल तर वाकडाच बांधावा. ओढून सरळ करण्याचा मोह पाहणाऱ्यांना फार होतो, तो आवरावा. घोट्यासाठी उशी किंवा घडी केलेली गोधडी पावलाभोवती गुंडाळून बांधली तरी काम भागते, आणि नडगीसाठी, पाय फारसा वाकडा नसेल तर, दोन पायांमध्ये चादर घालून दुखरा पाय चांगल्या पायाला बांधता येतो.

बांधण्यापूर्वी एक काम न चुकता करावे. अंगठ्या, घड्याळ, कडे, बांगड्या उतरवाव्यात, पायाला मार असेल तर जोडवी आणि पैंजणही. सूज चढायला लागल्यावर हे दागिने दोराने आवळल्यासारखे होतात. काचेच्या बांगड्या निघत नसतील तर त्या वाढवाव्या लागतात आणि लग्नातला हिरवा चुडा असेल तर घरची माणसे कचरतात, हे मी समजू शकतो. अशा वेळी साबणाचे पाणी किंवा तेल लावून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच प्रयत्न करावा. तासाभराने तीच बांगडी कापावी लागते.

बांधून झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि नेमके हेच राहून जाते. दुखऱ्या हाताच्या बोटाचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे कोमट आहेत का, स्पर्श कळतो का, थोडी हलवता येतात का, हे बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर पाहावे आणि पुढे दर पंधरा मिनिटांनी पाहत राहावे. आधी ठीक असलेली बोटे बांधल्यानंतर गार, फिकट किंवा बधिर झाली तर पट्टी ताबडतोब सैल करावी. सैल करूनही फरक पडत नसेल, किंवा मुळातच बोटे पांढरीफटक वा निळसर असतील, तर एक-एक मिनिट मोलाचे आहे असे समजून १०८ च्या डॉक्टरांना फोनवर तसे स्पष्ट सांगावे.

याचे कारण एका मुलाच्या रूपाने माझ्या डोळ्यांसमोर आहे. साडेसहा वर्षांचा मुलगा ओट्यावरून पडला, कोपराच्या वर हाड मोडले, आणि घरच्यांनी त्याला एका हाडवैद्याकडे नेले. त्याने लेप लावून वर कामट्या घट्ट बांधल्या. मूल रात्रभर रडले, तेव्हा ‘हाड जुळताना दुखणारच’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी रडणे थांबले आणि आईला हायसे वाटले. माझ्यापुढे तो आला तेव्हा हात दुखत नव्हता, कारण त्याला संवेदनाच उरली नव्हती. सूज वाढते, वरचे बंधन सैल होत नाही, आतला दाब चढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि पुढे आखडून पंजा नखरासारखा वळतो. जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे नेमके वर्णन करून ठेवले, आणि अजूनही ते मला आमच्या तालुक्यात पाहावे लागते. बांधल्यानंतर दुखणे कमी न होता वाढत गेले, किंवा बोटे दुसऱ्याने हलकेच सरळ करताना मूल किंचाळले, तर ते हाड जुळल्याचे लक्षण नसते. पट्टी सोडा आणि निघा.

हाडवैद्यांची मी सरसकट निंदा करत नाही. मांडीचे हाड मोडलेल्यांसाठी जगभर वापरली गेलेली, पाय ताणून स्थिर ठेवणारी थॉमस स्प्लिंट ही चौकट लिव्हरपूलच्या ज्या ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचे घराणेच वेल्समधील हाडे बसवणाऱ्यांचे होते. वडिलांनी मुलांना रीतसर वैद्यकशास्त्र शिकायला पाठवले, एवढाच फरक. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात तिच्या वापराचा आग्रह धरला आणि ती आघाडीवरच वापरली जाऊ लागल्यावर मांडीच्या फ्रॅक्चरने दगावणाऱ्या सैनिकांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मांडीचे एक हाड मोडले की कातडीला ओरखडाही न येता लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत मांडीत साठू शकते, आणि मोठ्या माणसाच्या अंगात ते असते सुमारे पाच लिटर. ओटीपोटाच्या हाडांचे फ्रॅक्चर तर याहून घातक. अशा रुग्णाचा चेहरा फिका पडला, घाम सुटला, नाडी जलद झाली, तर बाहेर रक्ताचा थेंब दिसत नसला तरी तो संकटात आहे. त्याला आडवा ठेवावा, पांघरूण घालावे आणि हलवाहलव कमीत कमी करावी.

हलवण्याविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे अपघातातल्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणण्याची पद्धत पडली आहे. हात मोडलेल्या माणसाला बसवून आणणे एक वेळ चालेल. पाय, खुबा किंवा पाठ यांना मार असताना तसे करू नये. मान किंवा पाठ दुखते, हातपाय बधिर झाले किंवा हलत नाहीत असे तो सांगत असेल, तर धोक्याची जागा नसल्यास तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. हलवणे भागच असेल तर डोक्याशी एक आणि बाजूला तीन अशा चौघांनी, डोके धरणाऱ्याच्या शब्दासरशी, ओंडका वळवावा तसे एकाच वेळी वळवून फळीवर किंवा दरवाजाच्या पल्ल्यावर घ्यावे. रस्त्यावरच्या अपघातात लोक पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले आहे, आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

बर्फ लावायला हरकत नाही, पण कापडात गुंडाळून आणि एका वेळी वीस मिनिटांपेक्षा अधिक नाही. बर्फ नसेल तर गारेगारवाल्याच्या चार कांड्या फडक्यात बांधल्या तरी चालतात. शेक आणि मालिश पहिल्या दिवसांत नको, कारण उष्णतेने सूज वाढते. कोपराला मालिश तर कधीच नको, कारण कोपराच्या दुखापतीनंतर चोळण्याने स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडल्याची उदाहरणे आम्ही वारंवार पाहतो. ऑपरेशन लागेल अशी शंका असेल तर चहा-बिस्किटे, दूध काही देऊ नये. प्रेमाने पाजलेल्या त्या कपभर चहामुळे भूल द्यायला काही तास थांबावे लागते. घसा कोरडा पडला तर शुद्धीवरच्या माणसाला घोटभर पाणी द्यावे.

राहिला आपला तिसरा प्रश्न. त्या मुलाचे चोळून नुकसान झाले असेल का? आपण पाठवलेल्या वर्णनावरून हाड मनगटाजवळ, वाढीच्या कूर्चेच्या अगदी शेजारी मोडले आहे आणि टोके फारशी सरकलेली नाहीत. चोळण्याने त्याला विनाकारण दुखले आणि सूज वाढली असेल, पण प्लास्टर तिसऱ्या दिवशी लागल्याने या वयात सहसा काही बिघडत नाही. कूर्चेजवळचा थोडासा बाक पुढच्या वर्ष-दोन वर्षांच्या वाढीत शरीर स्वतःच सरळ करते. प्लास्टर लावल्यानंतर साधारण आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला सांगितले असेल तर तो चुकवू नका, कारण हाड सरकायचे असेल तर याच दिवसांत सरकते आणि तेव्हा ते सोपेपणाने बसवता येते. प्लास्टर चार ते सहा आठवड्यांनी निघेल. त्यानंतर मनगट काही दिवस आखडलेले वाटेल. त्याला तेल, मालिश काही नको, रोजच्या वापरानेच ते मोकळे होते. खो-खो मात्र प्लास्टर निघाल्याबरोबर नाही. त्याच जागी हाड पुन्हा मोडण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत असतो, म्हणून निदान सहा आठवडे त्याला पंचगिरी करू द्यावी आणि मैदानात उतरवण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा हात दाखवून घ्यावा.